घडीचा फोन आणि घरची दुरुस्ती

घरात आलेली वस्तू बिघडली म्हणजे ती उघडून पाहावी, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. घड्याळ बंद पडले की त्याचे मागचे झाकण काढून फुंकर घालणारे आजोबा, शिवणयंत्र अडू लागले की तेलाची नळी घेऊन बसणारी गृहिणी, आणि रेडिओ घरघरू लागला की पाठीमागचा पुठ्ठा सोडवून कोणता दिवा पेटत नाही हे पाहणारा कॉलेजातला मुलगा, ही मंडळी एके काळी प्रत्येक आळीत असत. दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओत पुष्कळदा आतल्या बाजूस एक कागद डकवलेला असे आणि कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याची आकृती त्यावर काढलेली असे. ग्राहक केव्हा ना केव्हा ही पेटी उघडणार, किंवा कोणाकडून तरी उघडवून घेणार, हे कारखानदाराने गृहीत धरलेले होते, याचा तो कागद हा पुरावाच होय.

हे गृहीत पुढे हळूहळू नाहीसे झाले. स्क्रूच्या जागी डिंक आला, आकृतीच्या जागी ‘उघडू नये’ अशी सूचना आली. या प्रवासाचे टोक कोठे दिसत असेल तर ते घडी घालता येणाऱ्या स्मार्टफोनात. या वस्तूचा इतिहास अवघ्या काही वर्षांचा आहे. परंतु विकत घेतलेल्या वस्तूवर धन्याचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो, हा जुना प्रश्न त्या थोड्या वर्षांत जितक्या लख्खपणे पुढे आला तितका तो क्वचितच आला असेल.

मिटणारे फोन ही काही नवी गोष्ट नव्हे. मोटोरोला कंपनीचा स्टारटॅक हा शिंपल्यासारखा उघडणारा फोन 1996 साली आला आणि त्याच कंपनीचा रेझर 2004 साली. रेझरने तर जगभर कोट्यवधी खिशांत जागा मिळवली. परंतु या फोनांत वाकत होती ती बिजागरी. पडदा आपला ताठच होता. बिजागरीच्या पोटातून तारांची एक चपटी, लवचीक पट्टी वरच्या अर्ध्या भागाकडे जाई. हजारो वेळा उघडझाप झाली की ती पट्टी कोठेतरी चिरे आणि पडदा आंधळा होई. हा रोग इतका सर्वांच्या परिचयाचा होता की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर वा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर फोन नुसता हातात घेऊनच कारागीर निदान सांगत. पट्टी स्वस्त होती, स्क्रू बाहेरून दिसत होते, आणि ज्याचा हात बरा होता तो घरीही हे काम उरकू शके.

2018 आणि 2019 या दोन वर्षांत जे घडले ते एका वाक्यात सांगायचे तर असे, की घडी पट्टीवरून पडद्यावर आली. फोनातील सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त भाग झिजत असे, त्याऐवजी सर्वांत नाजूक व सर्वांत महाग भाग झिजू लागला. पुढच्या साऱ्या कटकटी या एका स्थलांतरातून निघाल्या आहेत.

पडदा वाकू शकला तो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. 1987 साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोन संशोधकांनी सेंद्रिय द्रव्यांच्या अतिशय पातळ थरांतून विजेच्या साहाय्याने प्रकाश काढून दाखविला. या रीतीच्या पडद्याला मागून उजेड टाकणारा वेगळा दिवा लागत नाही. पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. तेव्हा काचेचा आधार काढून घेऊन त्या जागी पॉलिइमाइड नावाचे उष्णता सोसणारे प्लास्टिक घातले, तर सगळा पडदाच कागदासारखा वाकविणे शक्य होते. हे प्लास्टिक प्रथम पातळ रसासारखे काचेवर पसरतात, त्यावर सारी विद्युत्‌मंडले रचतात आणि शेवटी लेसर किरणांनी काच अलग करतात.

तथापि वाकणे निराळे आणि मोडून दुहेरी होणे निराळे. कोणतीही जाड वस्तू मुडपली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली चेपली जाते. भाकरी दुमडताना तडकते ती याच कारणाने. पण घडीची पोळी तडकत नाही. कारण घडी घालताना मध्ये तेलाचे बोट फिरविलेले असते, पदर सुटे राहतात आणि एकमेकांवरून किंचित सरकतात. घडीच्या पडद्याची रचना या पोळीसारखीच आहे. अनेक पापुद्रे एकावर एक ठेवलेले, आणि त्यांच्यामध्ये मऊ, पारदर्शक चिकटद्रव्य, की ज्यामुळे प्रत्येक पदराला सरकायला तिळभर जागा मिळावी. या सर्वांच्या वर, बोटाचा स्पर्श जिथे होतो तिथे, आणखी एक पातळ पापुद्रा. याच पापुद्र्याने पुढे इतिहास घडविला.

असा पहिला फोन विक्रीस काढण्याचा मान चीनमधील शेन्झेनच्या रोयोल या नव्या कंपनीकडे जातो. तिचा फ्लेक्सपाय 2018 च्या अखेरीस लोकांसमोर आला. त्याचा बोलबाला फारसा झाला नाही, आणि 2024 साली ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. ज्यांनी तिचे फोन घेतले होते त्यांच्या पाठीमागचा मूळ कारखान्याचा आधारही त्याबरोबर गेला. दुरुस्तीच्या प्रश्नाची ही एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही: कारखानदाराखेरीज दुसऱ्या कोणालाच वस्तू उघडता येत नसेल, तर वस्तूचे आयुष्य कारखानदाराच्या आयुष्याला बांधले जाते.

खरी परीक्षा झाली ती दक्षिण कोरियातील सॅमसंग कंपनीच्या गॅलेक्सी फोल्ड या फोनाची. त्याची अमेरिकेतील किंमत 1,980 डॉलर ठरली होती आणि विक्रीचा दिवस होता 26 एप्रिल 2019. प्रघाताप्रमाणे आधी काही पत्रकारांकडे फोन परीक्षणासाठी धाडण्यात आले. 17 एप्रिलच्या सुमारास, म्हणजे दोनचार दिवसांच्या वापरातच, त्यांच्यापैकी काहींचे फोन निकामी झाल्याच्या वार्ता येऊ लागल्या. एकाच्या पडद्याखाली कसलासा खडा शिरून फुगवटा आला. एकाचा अर्धा पडदा लुकलुकू लागला. पण ज्या प्रकाराची सर्वांत अधिक चर्चा झाली तो निराळाच होता. नवा फोन हाती आला म्हणजे त्याच्यावरचे वेष्टनाचे प्लास्टिक सोलून टाकावयाचे असते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते सोलण्यात एक प्रकारचे सुखही असते. या फोनाच्या पडद्याच्या कडेला तसाच एक पापुद्रा दिसत होता. एकदोघांनी तो नखाने उचलला आणि ओढून काढला. तो वेष्टनाचा नव्हता. तो पडद्याच्या रचनेचाच भाग होता, आणि तो निघताच पडदा मेला.

या प्रसंगाची त्या वेळी बरीच थट्टा झाली. परंतु दोष सोलणाऱ्यांकडे फारसा जात नाही. वस्तूचा आकार, तिच्या कडा, तिचे स्क्रू हे मनुष्याशी बोलत असतात. येथे धरावे, येथे दाबावे, हे काढावे असे सांगत असतात. या पापुद्र्याच्या कडा उघड्या होत्या. तो ‘मला काढा’ असे सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांनी ते ऐकले. 22 एप्रिल रोजी कंपनीने विक्री लांबणीवर टाकली. फोन पुरता तयार होण्याआधीच आपण तो पुढे रेटला, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखांनीही पुढे जुलै महिन्यात दिली.

इथेच एक दुसरे पात्र रंगभूमीवर येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन लुईस ओबिस्पो या गावी कॉलेजात शिकणाऱ्या काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स या दोन तरुणांनी 2003 साली आयफिक्सिट नावाचा उद्योग काढला. वीन्स यांचा संगणक बिघडला होता, त्यांना तो स्वतः दुरुस्त करावयाचा होता, आणि त्याची दुरुस्तीची पुस्तिका काही केल्या मिळेना. एवढ्या साध्या अडचणीतून तो उद्योग जन्मला. नवे यंत्र बाजारात आले की ते खोलून त्याचा प्रत्येक भाग छायाचित्रांसह दाखवावयाचा, ते घरी दुरुस्त करणे कितपत शक्य आहे याचे दहांपैकी गुण द्यावयाचे, आणि लागणारी हत्यारे व सुटे भाग विकावयाचे, हे त्यांचे काम. म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओतील तो डकवलेला कागद त्यांनी कारखानदाराच्या वतीने नव्हे, तर कारखानदाराला न विचारता पुन्हा छापावयास घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

गॅलेक्सी फोल्डचा एक नग त्यांच्या हाती लागला आणि 24 एप्रिल 2019 रोजी त्यांनी त्याचे विच्छेदन प्रसिद्ध केले. बिजागरीच्या दोन्ही टोकांशी फटी आहेत, त्यांतून धूळ सहज आत जाऊ शकते आणि थेट पडद्याच्या पाठीशी पोहोचते, हे त्यातून उघड झाले. दुसऱ्याच दिवशी ते मजकूर मागे घेण्यात आले. ज्या मध्यस्थाने तो नग पुरविला होता त्याच्यामार्फत सॅमसंगने तशी विनंती केली होती. कायद्याने आपण बांधलेले नाही, केवळ त्या मध्यस्थाच्या भिडेखातर हे करीत आहोत, असा खुलासा आयफिक्सिटने केला. विक्रीला न आलेल्या वस्तूची अंतर्रचना गुप्त ठेवण्याचा कारखान्याला काही एक हक्क आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या मजकुरात नामुष्की होती ती फटीची, आणि फट काही मजकूर काढल्याने बुजत नाही.

ती बुजविली ती अभियंत्यांनी. सप्टेंबर 2019 मध्ये फोन पुन्हा आला तेव्हा तो पापुद्रा कडेच्या चौकटीखाली दूरवर दडपलेला होता, जेणेकरून कोणाच्या नखाला त्याची कड लागू नये. बिजागरीच्या टोकांना टोप्या बसविल्या होत्या आणि पडद्याखाली धातूचे आणखी पत्रे घातले होते. याच रूपात तो 1 ऑक्टोबर 2019 रोजी भारतात आला. किंमत होती 1,64,999 रुपये. दुरुस्तीसुलभतेचे गुण मात्र दहांपैकी दोन. पुढच्या फेब्रुवारीत, 2020 साली, आलेल्या झेड फ्लिपमध्ये प्लास्टिकखाली सुमारे 30 मायक्रोमीटर जाडीची, केसापेक्षाही पातळ अशी काच आली आणि बिजागरीत धूळ झाडणारे बारीक तंतूंचे ब्रश आले. 2021 च्या फोनांनी पाण्यालाही दाद दिली नाही. फोन असा दरवर्षी मजबूत होत गेला; पण जितका तो धूळपाण्याला बंद झाला तितकाच तो धन्यालाही बंद झाला, हे या प्रगतीतील मर्म आहे.

असा फोन घरी उघडावयाचा तर काय करावे लागते? प्रथम बॅटरी उतरू द्यावयाची, कारण भरलेल्या बॅटरीला चुकून पाते लागले तर आग भडकते. मग मागची काच मंद उष्णतेने शेकून तिचा डिंक मऊ करावयाचा आणि सतारीच्या नखीएवढा प्लास्टिकचा पातळ तुकडा कडेने फिरवीत ती उचलावयाची. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोनात बॅटऱ्या दोन, प्रत्येक अर्ध्यात एक. दोन्हींचे जोड आधी सोडवावयाचे. दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या चपट्या पट्ट्या, रेझरच्या त्या जुन्या पट्टीच्या या वंशजच, बिजागरीच्या कुशीतून गेलेल्या असतात. त्या न ताणता सोडवणे ही खरी कसोटी. आतल्या पडद्याच्या कडेची चौकट निघाली, की तेथून पुढे कामाचे स्वरूपच पालटते. कारण वाकणारा पडदा एकटा सोलून दुसरा डकविणे घरच्या टेबलावर जवळजवळ अशक्यच आहे. धुळीचा एक कण किंवा एक वेडीवाकडी सुरकुती सगळे मुसळ केरात घालते. म्हणून कारखाने पडदा, चौकट आणि बिजागरी असा एकजोड सांगाडाच सुटा भाग म्हणून देतात. मग जुन्या सांगाड्यातून मुख्य पट्ट, कॅमेरे, ध्वनिक्षेपक असे एकेक काढून नव्या सांगाड्यात बसवावयाचे. ही घराची दुरुस्ती नव्हे. हे बिऱ्हाड हलविणे होय.

बिऱ्हाड हलविण्याचा खर्चही तसाच. गूगलने 2023 साली आपला पहिला घडीचा फोन 1,799 डॉलरला काढला आणि त्याचा आतला पडदा आयफिक्सिटमार्फत कोणालाही विकत मिळेल अशी सोय केली. ही गोष्ट स्वागतार्ह होती. पण त्या पडद्याची किंमत सुमारे 900 डॉलर होती, म्हणजे फोनाच्या निम्मी. सॅमसंगने स्वतःच्या हाताने दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेत ऑगस्ट 2022 मध्ये योजना सुरू केली आणि 2023 च्या अखेरीस घडीच्या फोनांनाही तीत स्थान दिले. या योजनेतला आयफिक्सिटचा सहभाग मात्र मे 2024 मध्ये तुटला. भागांच्या किमती फार आहेत आणि बॅटरी पडद्याला आधीच चिकटवून दिली जाते, त्यामुळे एकासाठी दोन्ही घ्यावे लागतात, अशी त्यांची तक्रार होती. दरवाजा उघडा आहे पण उंबरठा छातीइतका उंच आहे, अशी ही स्थिती.

कारखानदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. अर्धशिक्षित हाताने उघडलेला फोन पुन्हा पाणी रोखू शकत नाही. फुगलेली बॅटरी ही चेष्टेची वस्तू नव्हे. पण हाच युक्तिवाद मोटारीच्या, विजेच्या पंख्याच्या, शेगडीच्या बाबतीतही करता आला असता, आणि या सर्व वस्तू माणसे शतकभर उघडीत आली आहेत. धोका आहे म्हणून माहिती द्यावयाची नाही, या न्यायाने धोका कमी होत नाही. तो अंधारात जातो एवढेच.

कायद्याने या वादात पाऊल टाकले ते जवळजवळ याच काळात. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून स्मार्टफोनांवर दुरुस्तीसुलभतेचा अंक छापणे बंधनकारक झाले. अमेरिकेत न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया आणि ऑरेगन या राज्यांनी 2022 ते 2024 या अवधीत दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. परंतु घडीच्या फोनाचे नाव घेऊन बोलला तो युरोपीय संघाचा नियम. 2023 साली मंजूर झालेला हा नियम 20 जून 2025 पासून अमलात आला. कोणते सुटे भाग किती वर्षे उपलब्ध ठेवलेच पाहिजेत याची त्यात यादी आहे, आणि मुदत आहे विक्री थांबल्यानंतर 7 वर्षे. बिजागरी आणि पडद्याची घडी घालणारी यंत्रणा व्यावसायिक कारागिरांना मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. पण ज्या थोड्या वस्तू साध्या ग्राहकालाही मिळाल्या पाहिजेत त्यांत एक नोंद आहे: घडीच्या पडद्यावरील संरक्षक पापुद्रा. 2019 च्या एप्रिलात जो सोलल्याबद्दल माणसे हास्यास्पद ठरली, तोच पापुद्रा सहा वर्षांनी घरातल्या टेबलावर बदलण्याची वस्तू म्हणून कायद्याच्या पुस्तकात दाखल झाला.

भारतात या प्रश्नाला वाचा फुटली ती फोनामुळे नव्हे, मोटारीमुळे. सुटे भाग खुल्या बाजारात न देता आपल्याच दुकानांत अडकवून ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, फोन व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने हाती घेतली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि शहरी गृहस्थाचा फोन एकाच कागदावर आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ऐन पेरणीत अडलेला ट्रॅक्टर आणि ऐन प्रवासात मेलेला फोन यांचे दुःख वेगळे असले तरी कुलूप एकाच जातीचे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपन्यांच्या दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे 2024 साली दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी दुसरी समिती बसली आणि मे 2025 मध्ये तिने आपला अहवाल सादर केला. एखादा भाग काढण्यासाठी किती थर उलगडावे लागतात, दुरुस्तीची माहिती मिळते काय, सुटे भाग वाजवी वेळात येतात काय, हत्यारे कोणती लागतात, असे निकष तिने सुचविले. आणि फोन व टॅब्लेट यांच्यापासून आरंभ करावा असे सांगितले. त्या निकषांत जोडणीच्या साधनांचाही, म्हणजे साध्या भाषेत स्क्रूचा, स्वतंत्र उल्लेख आहे. सरकारी कागदपत्रात स्क्रूला एवढे मानाचे पान क्वचितच मिळाले असेल.

दरम्यान लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर घडीचा फोन पुढे केला की आता नुसता हातात घेऊन निदान सांगत नाही. तो आधी फोन उघडतो, घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवतो आणि पापुद्र्याखाली हवा धरली आहे काय ते पाहतो. नुसती हवाच असेल, तर तेवढे काम अजून त्याच्या दुकानात होते. थोडी ऊब, धूळ टिपणारा चिकट कागद आणि स्थिर हात एवढ्या भांडवलावर काही घरांतही ते होते. त्याखालच्या काचेला तडा गेला असेल, तर तो फोन मिटून परत देतो आणि किंमत सांगण्यापूर्वी फोन केवढ्याला घेतला होता ते विचारतो.